रोज एक घोट

१४ जानेवारी १९५७

खोटं बोलले! पहिल्याच दिवशी. आणि तेही किती मूर्खासारखं!

महारपुऱ्यात — खोडलं. बौद्धपुऱ्यात गेले होते. ऑक्टोबरात सगळी वस्ती नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. गावात अजून जुनंच नाव चालतं, आणि माझी लेखणीही सवयीनं तेच लिहिते. बायकांचा साक्षरता वर्ग तानाबाईंच्या छपरीत भरवायचं ठरलंय. या तानाबाई म्हणजे तिथल्या पुढारीणच. पस्तिशीच्या, उंच, बोलणं थोडं पण नेमकं. त्यांनी गडवाभर पाणी पुढं केलं. मी हात पुढं केला — आणि गळाच आवळला. थुंकीसुद्धा गिळता येईना. म्हटलं, "आज उपास आहे."

"पान्याचा बी?"

"निर्जळी."

संक्रांतीच्या दिवशी निर्जळी! बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. त्यांनी उपासतापास सोडलेत, पण कुठला उपास कधी असतो हे काही त्या विसरलेल्या नाहीत. तानाबाई गडवा घेऊन आत गेल्या.

ग्रामसेविकेच्या ट्रेनिंगला हात वर करून शपथ घेतली होती — प्रत्येक घरी बसेन, देतील ते खाईन, पिईन. सर्वांत मोठ्या आवाजात मीच म्हटली होती.

१६ जानेवारी

"आत्ताच पिऊन आले."

१७ जानेवारी

"घसा धरलाय." आणि त्यानंतर तासभर अ-आ-इ-ई मोठ्यांदा म्हणवून घेतलं! कुणी हसलं नाही, हेच लागलं.

१९ जानेवारी

निमित्तं संपली.

मला कळत का नाही? कळतं सगळं. भाषण द्यायला सांगा, तासभर देईन. माणूस माणसासारखा, पाणी पाण्यासारखं. पण हे घशाला कोण सांगणार?

सहा वर्षांची असेन. पुलगावच्या स्टेशनवर तहान तहान केलं म्हणून झाडणाऱ्या एका बाईनं तिच्या तांब्यातलं पाणी पाजलं. आईनं पाहिलं. मला बाजूला नेऊन घशात बोटं घातली आणि सगळं ओकायला लावलं. आई दुष्ट नव्हती. ती स्वतःही रडत होती. वर्धेला घरी आल्यावर मला मांडीवर घेऊन दूधभात भरवला. म्हणूनच तिच्यावर धड रागावताही येत नाही. पण तेव्हापासून माझा घसाच पहाऱ्याला बसलाय असं वाटतं.

ट्रेनिंगच्या मोठ्या बाई म्हणायच्या, मनाशी हुज्जत घालत बसू नका. त्याला रोज थोडं थोडं काम द्या, आणि एक दिवसही सुट्टी देऊ नका. ठीक आहे. रोज एक घोट. वर्ग सुरू करायच्या आधी. जास्त नाही, कमी नाही. या वहीत खरं काय ते लिहायचं. इथं तरी निर्जळी नको.

२१ जानेवारी

गडवा हातात घेतला. ओठाला लावला. प्यायल्यासारखं करून खाली ठेवला. हे धरायचं का? नाही. धरायचं नाही.

२३ जानेवारी

लिहायला लाज वाटते.

घोट घेतला. अगदी घेतला! डोळे मिटून, श्वास धरून, एरंडेल घेतात तसा. चव कळायलाही वेळ नव्हता. पण गिळवेना. तोंडात तसाच धरून छपरीबाहेर आले, निंबाच्या मागं गेले आणि थुंकले. नंतर कोरड्या ओकाऱ्या. पदरानं तोंड पुसून परत आले, "खडू विसरले होते" म्हटलं. खडू माझ्या हातातच होता.

कुणी पाहिलं नसावं.

घरी आले. मी विमलाबाईंकडे भाड्यानं राहते — कुणब्याच्या विधवा बाई, मनानं फार चांगल्या. त्यांनी विचारलं, "आज दुसऱ्यांदा आंघोळ, बाई? ताप तं नाई न?" तेव्हा लक्षात आलं, माझे केस ओले होते. आंघोळ करायची असं मी ठरवलंच नव्हतं. वस्तीतून आले, सरळ न्हाणीत गेले आणि तांब्या अंगावर घेतला. हात-पायच मालक झालेत, मी कुणीच नाही.

त्या बायका वर्गासाठी दिवसाची मजुरी लवकर सोडून येतात. आणि मी त्यांच्या अंगणात त्यांचं पाणी थुंकून आले.

२४ जानेवारी

गेले नाही. डोकं दुखतंय असा निरोप दिला. डोकं ठणठणीत आहे.

२८ जानेवारी

गिळला! गिळला! गिळला!

आज तानाबाईंनी कोपऱ्यात नवी कोरी घागर ठेवली होती, तोंडाला धुवट फडकं बांधलेलं. म्हणाल्या, "हे पानी येगळं ठेवलं. थंड राह्यते." त्यातलंच मला दिलं. मी मनात एक-दोन-तीन म्हटलं आणि घोट घेतला. गेला खाली! गळ्याशी अडला, पण गेला. तानाबाई माझ्या तोंडाकडे नाही, गळ्याकडे पाहत होत्या.

आणि नवल सांगू? गोड होतं. त्यांच्या विहिरीचं पाणी मचूळ म्हणून सगळं गाव नाक मुरडतं. मला तर विमलाबाईंच्या घरच्या पाण्याइतकंच गोड लागलं.

घरी आल्यावर आंघोळ केलीच. ते अजून सुटलं नाही. लिहून ठेवते.

६ फेब्रुवारी

आज आंघोळ केली नाही. वस्तीतून आले आणि खाटेवर स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसले, अर्धा तास. अंगभर मुंग्या आल्यासारखं झालं. मग हळूहळू गेलं. विमलाबाई दारातून डोकावून गेल्या. वेड लागलंय म्हणाल्या असतील मनात.

११ फेब्रुवारी

दोन घोट. तिसरा सहज गेला असता.

वर्ग संपल्यावर तानाबाई बसल्या होत्या माझ्याजवळ. वरच्या विहिरीचं सांगत होत्या. ती कुणब्यांची. गेल्या वर्षीपर्यंत या बायका घागरी घेऊन ओट्याखाली उभ्या राहायच्या. वरची एखादी बाई दया येऊन ओतेपर्यंत — कधी घंटा, कधी दोन. दीक्षा घेऊन आल्यावर वस्तीनं ठरवलं, तिथं उभं राहायचं नाही. आपल्या विहिरीचं जसं असेल तसं प्यायचं. पहिला हात तानाबाईंनी वर केला होता.

मी विचारलं, जड नाही गेलं? त्या हसल्या. म्हणाल्या, "मन तं तयारच होतं. पाय नाई न आयकत, बाई. सकाळी घागर घेतली की आपोआप वरच्या वाटेले लागे. चार-पाच खेप तं अर्ध्या वाटेतून वापस आलो."

मला त्यांच्या पायांशेजारी माझा गळा ठेवून पाहावासा वाटला. सांगावंसं वाटलं सगळं — निंब, न्हाणी, स्टेशन. तोंड उघडलं आणि विचारलं काय? "क पासून कमळ लिहिता आलं का?"

भित्री. दुसरं काय!

२ मार्च

आईचं पत्र. कुणीतरी तिला सांगितलंय. "तू तिथं पाणी पितेस हे खरं का? एका ओळीचं उत्तर पाठव." बाकी काही नाही. नेहमीचं अनेक आशीर्वादसुद्धा नाही.

३ मार्च

एका ओळीचं उत्तर पाठवलं. "खरं आहे. रोज पिते आणि गोड लागतं." टपालात टाकताना छाती फुगली होती. घरी येईस्तोवर रडू आलं. एका ओळीऐवजी चार लिहिल्या असत्या तर काही बिघडलं नसतं. ‘गोड लागतं’ हे तर केवळ तिला बोचावं म्हणून लिहिलं.

१८ मार्च

निवडणुकीची धामधूम संपली. ब्लॉकचे साहेब पुढच्या महिन्यात दौऱ्यावर येणार. या भागात एकाच गावाला सरकारी विहीर मिळणार आहे. आपल्या वस्तीसाठी अर्ज केला. बायका सांगत गेल्या, मी लिहीत गेले — पाणी मचूळ आहे, चैत्रात तोंडात धरवत नाही, डाळ शिजत नाही, मुलांची पोटं बिघडतात. बावीस घरांचा अर्ज. खाली अंगठे. तानाबाईंनी मात्र सही केली. आयुष्यातली पहिली! ‘ना’चा काना जरा तिरका गेला, पुसू का म्हणाल्या. मी पुसू दिला नाही.

लिहिताना एक मनात आलं. मला तर कधीच मचूळ लागलं नाही. तानाबाई तुरटी फिरवत असतील? की मनातला भेद गेला म्हणून मलाच गोड लागतं? हसू नको, वही. मला खरंच असं वाटतंय. मन निवळलं की पाणीही निवळत असेल.

आईचं पत्र नाही.

३० मार्च

आज गडवाभर प्यायले. भर उन्हात चालून गेले होते, कुणी विचारायच्या आत मागितलं — "तानाबाई, पाणी द्या हो." मागितलं! आणि पिऊन झाल्यावर लक्षात आलं की आपण काही विशेष केलं. सवय लागते म्हणतात ती अशी लागते तर. दोन महिन्यांपूर्वीची ती निंबामागची बाई कुणी वेगळीच होती.

९ एप्रिल

साहेब आले. जीप आली म्हणून सगळं गाव गोळा. सरपंच महादेवराव टोपी सारखी करत पुढं पुढं.

वस्तीतल्या विहिरीपाशी उभे राहिले. तानाबाईंचे दीर प्रेमदास मुद्दाम आले होते. ते आर्वीच्या कापसाच्या जिनिंगात कामाला असतात, एका दिवसाची रजा टाकून आले. त्यांनी स्वतः पाणी शेंदलं, गडवा घासून भरला आणि साहेबांपुढं धरला. म्हणाले, "साहेब, एक घोट चाखून पाहा. आमी जास्त सांगत नाई."

साहेब दोन पावलं मागं सरले. डॉक्टरनं बाहेरचं पाणी बंद केलंय म्हणाले. मला ते मागं सरणं ओळखू आलं. माझंच होतं ते, जानेवारीतलं. मनातल्या मनात हसले त्यांना — हो, हसले.

मग ते माझ्याकडे वळले. "शोभाबाई, तुम्ही इथं रोज येता. तुम्ही पिता का इथलं पाणी?"

"रोज पिते, साहेब. अडीच महिने झाले." आणि थांबायचं ना! नाही थांबले. "गोड आहे."

महादेवराव म्हणाले, "झालं मंग." साहेबांनी डायरीत लिहून घेतलं आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. म्हणाले, अशा सेविका हव्यात. तानाबाई पुढं आल्या होत्या, काहीतरी बोलणार होत्या. माझ्याकडे पाहिलं आणि गप्प बसल्या. मागं बायकांत कुजबुज झाली. प्रेमदासांच्या हातात गडवा तसाच होता. त्यांनी तो जमिनीवर ओतला आणि निघून गेले.

मी धावत जीपपर्यंत गेले. म्हटलं, साहेब, पण अर्जात लिहिलंय तसं उन्हाळ्यात... ते म्हणाले, "अर्जात लोक जरा वाढवूनच लिहितात, बाई."

१० एप्रिल

खोटं काय बोलले मी? गोड लागतं तर गोड म्हटलं. मग कालपासून घास का उतरत नाही?

कारण साहेबांनी विहिरीचं विचारलं होतं आणि मी स्वतःचं सांगितलं. त्या क्षणी मला विहीर नको होती, शाबासकी हवी होती. साहेबांनी, महादेवरावांनी, जमलेल्या गावानं पाहावं — ही बघा, वर्धेची सोवळ्यातली पोर, महारांच्या घरचं पाणी पिते! ‘महारांच्या’. काल मनात हाच शब्द होता. खोडत नाही. राहू दे.

१७ एप्रिल

वर्गाला चौघीच. पूर्वी अकरा असायच्या. कारण विचारलं तर म्हणाल्या, विहीर आटत चालली, पाणी शेंदायला वेळ लागतो. तानाबाई आल्या होत्या. घागर कोपऱ्यात होती, फडकं बांधलेलं. पाणी दिलं. प्यायले. आज का कोण जाणे, सगळ्या माझ्याकडे पाहत असताना गिळणं अवघड गेलं.

२ मे

यादी आली. विहीर दुसऱ्या गावाला गेली. आपल्या नावापुढं शेरा आहे — ‘सध्याचे पाणी पिण्यास योग्य, ग्रामसेविकेचा स्वतःचा अनुभव.’

मीच वाचून दाखवला. दुसरं कोण वाचणार! छपरीत सगळी वस्ती होती. म्हातारे होते, लेकुरवाळ्या होत्या. कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. एकेक जण उठून गेला. प्रेमदास तेवढे म्हणाले, "बाई, तुमाले आमचं पानी गोड लागलं. आता हेच गोड पानी आमी आनखीन धा वर्सं पिऊ."

तानाबाई राहिल्या. मी म्हटलं, मला क्षमा करा, पण मला खरंच गोड लागतं हो. शपथेवर सांगते.

त्यांनी कोपऱ्यातल्या घागरीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तुमी खरंच बोलल्या, बाई. लबाडी तुमची नव्हती."

मला किती सुटल्यासारखं वाटलं! आणि असं वाटलं याचीच आता लाज वाटतेय. बावीस घरांची विहीर गेली आणि मी माझ्यापुरती सुटका शोधत होते.

४ मे

आईला पत्र लिहिलं. चार पानं. फाडलं.

६ मे

सकाळी विमलाबाईंनी चुलीपाशी बसवून घेतलं. पाठीवरून हात फिरवून, अगदी मायेनं सांगितलं, "बाई, आजपासून खालच्या वस्तीत पानी पेऊ नका. तानीनं येनं बंद केलं."

कुठं येणं?

"वरच्या विहिरीवर. तुमच्यासाठी घागर घेऊन येत जाय, कोनाले दिसाच्या आंधी. खाली उभी राहे, मी वरून ओतो. म्हने, बाई निंबामांगं ओकल्या, त्याहीले आमचं पानी उतरत नाई. अन् बाई गेल्या तं विहिरीचा अर्ज कोन लिवन? काल सांगून गेली, आता नाई येत." मग माझा चेहरा पाहून म्हणाल्या, "भेऊ नका. सारं माह्याच हातचं पानी हाय. तुमच्या आईले कळवून टाका, पोरगी बाटली नाई."

साहेबांना पत्र लिहायचं आहे. एकच वाक्य — मी तिथलं पाणी कधी प्यायलेच नाही. सकाळपासून कागद घेऊन बसले आहे. आता दिवेलागण झाली. कागदावर अजून फक्त तारीख आहे.